घरातला निरोप्या: बिघडलेल्या घरातल्या भूमिका, सीमा आणि बोलणं

"बाबांना विचार, उद्या किती वाजता निघायचंय."

बाबा त्याच खोलीत, चार पावलांवर बसलेले असतात. त्यांनी ऐकलेलंही असतं. तरी नऊ वर्षांचं पोर त्यांच्याकडे जातं, प्रश्न विचारतं आणि "आईला म्हणावं, तुझं तूच ठरव" हे उत्तर घेऊन निघतं. परतीच्या चार पावलांत ते उत्तर मऊ होतं: "बाबा म्हणाले, तुला सोयीचं असेल तेव्हा." अबोला, दोघांच्या भांडणात ओढलेला तिसरा, वयाला न पेलणारी जबाबदारी आणि सगळं आलबेल असल्याचा देखावा, या एका फेरीत सगळंच आलं. हे पोर चाळिशीचं झालं तरी निरोपच पोचवत असतं. फक्त आता ते फोनवरून पोचवतं.

बिघडलेलं घर म्हणजे भांडणारं घर असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. भांडणं सगळ्याच घरांत होतात. भांडणानंतर काय होतं, ते पाहावं. चुकलेला माणूस चूक कबूल करू शकतो का? नको ते "नको" म्हणता येतं का? एखादा विषय निघाला की सगळे एकदम दुसरं काही बोलू लागतात का? व्यसनाच्या छायेत वाढलेल्या मुलांसोबत काम करणाऱ्या क्लॉडिया ब्लॅक यांनी अशा घरांचे तीन अलिखित नियम सांगितले आहेत: बोलू नका, विश्वास ठेवू नका, मनाला काही जाणवू देऊ नका. व्यसन नसलेल्या घरांतही, कुणाचा संताप, कुणाचं जुनाट आजारपण किंवा एखादं झाकलेलं प्रकरण मध्यभागी असेल, तर हेच नियम लागू झालेले दिसतात.

आधी दोन आठवडे फक्त बघा

पहिल्याच दिवशी कुणाला काही सुनावायला जाऊ नका. एक वही घ्या, घरातल्या कुणाच्या हाती लागणार नाही अशी. रोज एकच प्रसंग, चार-पाच ओळींत लिहा: कोण बोललं, कुणाशी बोललं, कुणाबद्दल बोललं, त्यानंतर कुणी काय केलं आणि तुम्ही काय केलंत. विशेषणं टाळा. "ताई खोचक बोलली" असं लिहू नका. "ताई म्हणाली, 'काहींना वेळच नसतो', आणि बाबा उठून आत गेले" असं लिहा. खोचकपणावर वाद घालता येतो, बाबा उठून गेले यावर नाही. दहा-बारा नोंदी झाल्या की तेच वळण पुन्हा पुन्हा दिसायला लागतं, आणि बहुतेकांना पहिला धक्का शेवटच्या रकान्यात बसतो: प्रत्येक वेळी आपण तेच केलेलं असतं.

जमलं तर तीन पिढ्यांचा नकाशा काढा. कौटुंबिक समुपदेशनात त्याला जेनोग्राम म्हणतात. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, हयात नसलेल्यांवर फुली. नात्यांच्या रेषांना अर्थ असतो: तीन समांतर रेषा म्हणजे अति गुंतलेलं नातं, नागमोडी रेघ म्हणजे संघर्ष, तुटक रेघ म्हणजे दुरावा, मध्येच छेद दिलेली रेघ म्हणजे तोडलेला संबंध. मृत्यू, स्थलांतर, व्यसन, मोठं कर्ज यांची वर्षं बाजूला लिहा. आजोबांनी भावाशी बोलणं टाकलं, वडिलांनीही टाकलं आणि आता तुम्ही त्याच वाटेवर आहात, हे कागदावर पाहिल्यावर जितकं लख्ख दिसतं तितकं कुणी तोंडाने सांगून दिसत नाही. हा नकाशा घरच्यांसमोर पुरावा म्हणून मात्र फडकावू नका. तो तुमच्यापुरता आहे.

भूमिका: स्वभाव नव्हे, नेमणूक

अशा घरात प्रत्येकाच्या वाट्याला नकळत एक ठरावीक भूमिका येते. या भूमिकांची नावं प्रामुख्याने शॅरन वेगशायडर-क्रूझ यांच्या, व्यसनाधीन माणसांच्या कुटुंबांबरोबरच्या कामातून रूढ झाली. ही निदानं नव्हेत, आणि एखाद्याच्या कपाळावर चिकटवायच्या चिठ्ठ्या तर मुळीच नव्हेत. भूमिका नीट कळायची तर दोनच प्रश्न विचारावेत: यातून घराला काय मिळतं, आणि त्याची किंमत कोण मोजतं?

पांघरूण घालणारा माणूस घराची अब्रू राखतो. आज नवऱ्याच्या वतीने कामावर खोटं कारण कळवणं, उद्या मुलाचं कर्ज गुपचूप फेडणं. परिणाम ज्याला भोगायला हवा त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही, म्हणून वागणंही बदलत नाही. बळीचा बकरा सगळा राग स्वतःवर ओढवून घेतो, त्यामुळे मूळ दुखणं झाकलं जातं. गंमत अशी, की बहुधा घरातलं सत्य मोठ्याने बोलणाराही तोच असतो. हरवलेलं मूल कुणालाच त्रास देत नाही आणि म्हणूनच कुणाला आठवत नाही. विदूषक ताण वाढला की विनोद करतो. मोठेपणीही त्याच्या दुखण्याकडे कुणी गंभीरपणे बघत नाही.

सर्वांत फसवी भूमिका घराच्या कर्त्या मुलाची किंवा मुलीची. सगळे तिचं कौतुक करतात, त्यामुळे ती सोडावीशीच वाटत नाही. मोठी मुलगी धाकट्यांचं बघते, आईचं मन सांभाळते, वडिलांचा नूर पाहून घर शांत ठेवते. मुलाने घरकामात हातभार लावणं चांगलंच आहे. बिघाड कुठे सुरू होतो ते दोन खुणांवरून कळतं: काम तिच्या वयाच्या पलीकडचं असतं, आणि ते ती करते याची दखल घेऊन तिची काळजी करणारं कुणी नसतं. यातही कामांचं ओझं एक वेळ परवडतं. आईबापाच्या भावनांचं ओझं जास्त खोल जातं. "तुझ्याशिवाय मला कोण आहे?" हे वाक्य बारा वर्षांच्या मुलीला कौतुक म्हणून ऐकू येतं आणि नोकरीसारखं गळ्यात पडतं.

भूमिका खुर्च्यांसारख्या असतात. बळीचा बकरा घर सोडून गेला की काही महिन्यांत ती खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी मिळते. एकुलत्या एका मुलाला दोन-तीन खुर्च्यांवर एकदम बसावं लागतं.

भूमिका सोडायची तर एका झटक्यात सोडू नका. घरासाठी आठवडाभर तुम्ही जे जे करता ते लिहा: आठवण करून देणं, समजूत काढणं, कुणाच्या वतीने माफी मागणं, हेही काम म्हणून मोजा. त्यातलं एकच निवडा. ते लहान असावं, न केल्याने कुणाच्या जिवाला किंवा औषधपाण्याला धोका नसावा, आणि ते करू शकणारी दुसरी मोठी व्यक्ती घरात असावी. मग सहा आठवडे ते करू नका. भावाने वाढदिवसाचा फोन केला नाही, तर तो केला नाही. पोकळी दिसली की हात शिवशिवतात. त्या वेळी काही न करणं हाच सराव आहे. बरेच जण इथेच घसरतात: काम सोडतात, पण "बघ, मी नाही केलं तर कसं होतं ते" असं ऐकवण्यासाठी टपून बसतात. मग ती भूमिका सुटत नाही, फक्त रुसते.

त्रिकोणातून बाहेर

मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी 1950 च्या दशकात रुग्णांसोबत त्यांची अख्खी कुटुंबं रुग्णालयात राहायला आणून त्यांचा अभ्यास केला. त्यांच्या मांडणीचा पाया असा: दोन माणसांतला ताण वाढला की ती दोघं तिसऱ्याला आत ओढतात. ताण विभागला जातो, थोडं हलकं वाटतं, आणि मूळ दोघांतला प्रश्न जिथल्या तिथे राहतो. "लेकी बोले सुने लागे" ही म्हण म्हणजे त्रिकोणच.

फोन असा येतो:

"तू दादाला सांग ना जरा. आईशी कसा बोलतो तो! माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल."

इथे दोन उत्तरं तोंडावर येतात. एक, "बरं, मी बोलते त्याच्याशी." म्हणजे निरोप्या झालात. दोन, "मला नका यात ओढू, तुमचं तुम्ही बघा." म्हणजे नातंच झटकलंत. मधलं उत्तर तीन भागांचं असतं. आधी समोरच्याचं वाटणं मान्य करा: "तुला वाईट वाटलंय, कळतंय मला." मग काम परत द्या: "पण हे तूच त्याला सांग, माझ्याकडून गेलं तर बिघडेल." मग स्वतःचा संबंध चालू ठेवा: "बाकी तू कशी आहेस? पाठदुखी कमी झाली का?" तिसरा भाग लोक विसरतात, आणि तो नसला की पहिले दोन तुसडे वाटतात. ती पुन्हा त्याच विषयावर येईल. तेच वाक्य तशाच सुरात पुन्हा म्हणा. तिसऱ्यांदा आली, तर "आता ठेवते, रविवारी फोन करते" म्हणा आणि रविवारी खरंच करा.

"तुला म्हणून सांगते, कुणाला बोलू नकोस" हीसुद्धा त्रिकोणाचीच चिठ्ठी आहे. ऐकून झाल्यावर गाठ सुटत नाही, म्हणून ऐकण्याआधीच सांगा: "ज्याच्याबद्दल आहे त्याच्यापासून लपवावं लागणार असेल, तर मला नको सांगूस." अपवाद एकच, पण पक्का: लहान मूल एखाद्याच्या वागण्याबद्दल काही सांगत असेल, किंवा कुणाला मारहाण होत असेल, तर तिथे मध्ये पडायचंच.

सीमा म्हणजे काय आणि कशी आखायची

कौटुंबिक समुपदेशनातले एक जाणकार साल्वाडोर मिनुचिन यांनी कुटुंबातल्या सीमांचे तीन प्रकार सांगितले: स्पष्ट, विरघळलेल्या आणि ताठर. विरघळलेल्या सीमांच्या घरात एकाला ठेच लागली की सगळे लंगडतात. बंद दार म्हणजे अपमान ठरतो. ताठर सीमांच्या घरात कुणी आठवडाभर जेवलं नाही तरी कळत नाही. एकाच घरात दोन्ही नांदू शकतात. मुलाच्या पगाराचा पैन् पैचा हिशेब सगळ्यांना ठाऊक असतो, आणि त्याला झोप लागत नाही हे कुणालाच ठाऊक नसतं.

हल्ली सर्रास ज्याला बाउंडरी म्हणतात, तिच्या नावाखाली बहुतेक वेळा हुकूम सोडले जातात. तीन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. "रात्री उशिरा फोन करू नका" ही विनंती आहे, ती मानणं समोरच्याच्या हाती. "पुन्हा केलात तर संबंध संपला" ही धमकी आहे. "रात्री दहानंतर मी फोन उचलणार नाही, सकाळी आठ वाजता मी स्वतः करेन" ही सीमा. तिच्यात कर्ता "मी" आहे, आणि समोरच्याने काहीही केलं तरी ती पाळता येते. तुमची सीमा दुसऱ्याच्या सहकार्याशिवाय पाळता येत नसेल, तर ती विनंती आहे. विनंती करण्यात गैर काही नाही, पण ती मोडल्यावर सीमा मोडल्यासारखं संतापू नये.

आखताना चार गोष्टी ठरवा: नेमकी कुठली कृती, मी काय करणार, कधीपासून, आणि त्यानंतर संपर्क पुन्हा कसा सुरू होणार. शांत वेळी, दोन वाक्यांत सांगा. मोठ्यांशी बोलताना आदर सोडायचं कारण नाही: "काका, माझ्या लग्नाचा विषय निघाला की मी उठून जाईन. दुसऱ्या कशावरही तुमच्याशी गप्पा मारायला मला आवडेल." एवढंच. कारणांची माळ लावू नका. प्रत्येक कारण म्हणजे समोरच्याला धरायला एक टोक: "झोप होत नाही म्हणतेस? मग दुपारी झोपत जा." आपली बाजू मांडणं, वाद घालणं, बचाव करणं, खुलासे देणं, या चारांपैकी काहीही सुरू झालं की सीमेची वाटाघाट होते.

पाळता येणार नाही असा परिणाम जाहीर करू नका. "मी कधीच घरी येणार नाही" हे वाक्य पुढच्याच आजारपणात मोडतं. "आवाज चढला तर मी त्या दिवसापुरती निघून जाईन" हे वर्षानुवर्षं पाळता येतं. आणि दहापैकी नऊ वेळा ठाम राहून दहाव्या वेळी नमलात, तर जुनं वागणं उलट पक्कं होतं. अधूनमधून मिळणारं फळ माणूस सहजी सोडत नाही. म्हणून दहाही वेळा जमेल अशी छोटी सीमा निवडा.

सुरुवातीला परिस्थिती चिघळते. आधी दिवसाला दोन फोन यायचे, आता सात येतात. हे अपयशाचं लक्षण नव्हे; जे वागणं इतके दिवस चाललं ते चालेनासं झालं की विझण्याआधी भडकतं. घराच्या प्रतिक्रियेच्या तीन पायऱ्या बोवेन यांनी नोंदवल्या आहेत: "तू चुकतोयस", मग "पूर्वीसारखा हो", मग "नाही झालास तर बघ काय होतं ते". क्रम माहीत असला की तिसरी पायरी आल्यावर माणूस गडबडत नाही. या काळात घराबाहेरचं एक तरी माणूस, मित्र किंवा समुपदेशक, आपल्या बाजूला असावं.

बोलण्यातल्या खाचाखोचा

ताणात माणूस कसा बोलतो याचे चार साचे कौटुंबिक समुपदेशक व्हर्जिनिया सटीर यांनी सांगितले: मनधरणी करणारा, दोष देणारा, कोरड्या तर्काने बोलणारा आणि विषय भरकटवणारा. पाचवी रीत म्हणजे मनातलं, शब्दातलं आणि चेहऱ्यावरचं एकच असणं. आपला साचा ओळखायला आरसा लागत नाही, शरीर पुरतं. मनधरणी करणाऱ्याचा श्वास वर अडकतो, दोष देणाऱ्याचं बोट उठतं.

आपल्या भाषेत एक खास सोय आहे: कर्ता गाळलेली वाक्यं. "कुणाला काही पडलेलंच नाही." "आता कोण करणार हे सगळं?" टोमणा हवेत सोडला जातो, लागतो बरोबर ज्याला लागायचा त्यालाच, आणि विचारलं तर "मी कुठे तुला म्हटलं?" यावर उपाय एकच, कर्ता मागा. सौम्य आवाजात: "हे मला म्हणतेयस का? काय करायला हवंय?" "हो" आलं तर बोलणं सुरू झालं. "नाही, असंच" आलं, तर ते शब्दशः खरं धरा आणि आपल्या कामाला लागा. चेहरा वाचून धावणं हेच तर जुनं काम होतं. "जा, तुला वाटेल ते कर" असं म्हणून तोंड फिरवणाऱ्यालाही हेच उत्तर: एकदा विचारायचं, मग शब्द प्रमाण. मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये वर्णन केलेला दुहेरी पेच याच्याच जातीचा, पण त्याहून घट्ट असतो: काहीही केलं तरी चूकच, आणि त्याबद्दल बोलायचीही सोय नाही.

"मी"पासून वाक्य सुरू करा, हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो आणि तो हमखास चुकीचा वापरला जातो. "मला वाटतं तू स्वार्थी आहेस" यात "मला" नुसता दाराशी उभा आहे, आत आरोपच बसलाय. दुरुस्त वाक्य असं: "तू न सांगता पाहुण्यांना बोलावलंस, तेव्हा माझी धांदल उडाली. पुढच्या वेळी आदल्या दिवशी कळव." घटना, परिणाम, मागणी. "नेहमी" आणि "कधीच" हे दोन शब्द काढून टाका. समोरचा मूळ मुद्दा सोडून अपवाद शोधत बसतो.

वाद तापला, छातीत धडधडायला लागलं, की बोलणं थांबवा. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या जोडप्यांवरच्या कामातून आलेला अंदाज असा, की नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेल्यावर माणूस नीट ऐकू शकत नाही, आणि शरीर निवायला निदान वीस मिनिटं लागतात. ही विश्रांती अबोला ठरू नये म्हणून परत येण्याची वेळ सांगून जा: "मला अर्धा तास दे, साडेआठला बोलू." अबोल्याला परतीची वेळ नसते. आणि त्या अर्ध्या तासात मनातल्या मनात पुढचं उत्तर रचत बसलात, तर नाडी उतरत नाही. चालून या.

जिथे हे लागू नाही

मारहाण होत असेल, तर सीमा जाहीर करू नका आणि समोरासमोर बसून "संवाद" साधायला जाऊ नका. अशा घरात स्पष्ट बोलणं धोका वाढवू शकतं, आणि घर सोडण्याचा काळ सर्वांत जोखमीचा असतो. आधी सुरक्षित जागा, कागदपत्रांच्या प्रती, विश्वासातलं एक माणूस, जाणकार मदत. बोलणं नंतर, किंवा कधीच नाही.

"तू असं केलंस तर मी जिवाचं बरंवाईट करेन" हे वाक्य नाटक म्हणून सोडू नका आणि सौदा म्हणूनही स्वीकारू नका. ताबडतोब डॉक्टर किंवा आपत्कालीन मदत बोलवा, माणसाला एकटं ठेवू नका; सीमा मात्र त्याच्या बदल्यात मागे घेऊ नका. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला एकाएकी दारू तोडायला लावू नका. झटके येऊ शकतात, त्यामुळे ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

आणि त्या पोराच्या आईबापांपैकी कुणी हे वाचत असेल तर: मुलाला जवळ घ्या, पण मोठा कबुलीजबाब देऊ नका, नाहीतर तुमचं सांत्वन करण्याचं नवं काम त्याच्याकडे येईल. "आमचे निरोप तुला द्यावे लागत होते. ते तुझं काम नव्हतं. आता आमचं आम्ही बोलू." तीन वाक्यं पुरेत. पोर लगेच विश्वास ठेवणार नाही, काही दिवस दोघांच्या मध्ये घुटमळत राहील. पुढच्या वेळी निघायची वेळ विचारायची असेल तेव्हा ती चार पावलं आपण चालून जा आणि स्वतः विचारा. उत्तर तुसडं आलं, तरी ते आपण ऐका.